एक तार, दोन खोल्या

बँकेच्या नोकरीत बदली ही काही नवलाची बाब नव्हे. बदलीचा आदेश हाती पडला की सामानाची बांधाबांध, मुलांचे शाळाप्रवेश, गॅसची नोंदणी हे सोपस्कार ठरलेलेच. २००५ सालच्या जून महिन्यात माझी बदली पुण्याहून चेन्नईस झाली, तेव्हा हे सारे यथास्थित पार पडले. एक अडचण मात्र कोणत्याही यादीत नव्हती, आणि तिने पुढील दीड महिना आम्हांस पुरते गुंतवून ठेवले.

माझ्या आईचे वय त्या वेळी शहात्तर होते. आदल्या वर्षी तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर ती काठीच्या आधाराने जेमतेम चार पावले टाकी. पश्चिम मांबलममधील आमच्या घरात तिची खोली आत होती आणि दूरदर्शन संच बाहेर बैठकीत. पुण्यात शेजारपाजार होता, येणारे-जाणारे होते. येथे खिडकीतून येणारा प्रत्येक शब्द तमिळ. आम्ही दोघे कामावर आणि मुले शाळेत गेली की तिच्या कानी मराठी पडायचे ते थेट संध्याकाळी. ती तक्रार करीत नसे. एकदा जेवताना इतकेच म्हणाली, "दिवसभर मी काही ऐकतच नाही रे."

आतल्या खोलीसाठी पुण्याचा जुना छोटा संच होताच. प्रश्न होता तो त्यापर्यंत चित्र नेण्याचा. घर बँकेने भाडेपट्ट्यावर घेतलेले. खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक अत्यंत सज्जन. परंतु भिंतीला नवे छिद्र पाडावयाचे नाही, ही त्यांची एकमेव अट होती. अर्थात जे करावयाचे ते घरात आधीपासून असलेल्या तारांवरच.

या तारा दोन होत्या. पूर्वीच्या भाडेकरूने बैठकीतून आतल्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने नेलेली काळी गोल केबल ही एक. गच्चीवरून नळीतून बैठकीत उतरलेली, जुन्या काळच्या ॲण्टेनाची चपटी पट्टीसारखी तार ही दुसरी.

तारेच्या पोटात काय असते?

या दोन तारांच्या रूपात दूरचित्रवाणीच्या दोन पिढ्याच घरात नांदत होत्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तर चेन्नईचे, म्हणजे तेव्हाच्या मद्रासचे केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी. त्या काळी गच्चीवरील ॲण्टेना केंद्राच्या दिशेने वळवावयाचा आणि चपट्या तारेने संचापर्यंत आणावयाचा, एवढाच खटाटोप असे. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. तमिळ घरांत १९९३ च्या एप्रिलमध्ये सन टीव्हीने प्रवेश केला. पाठोपाठ गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले आणि चपट्या तारेची जागा गोल केबलने घेतली.

ही गोल केबल कापून पाहिल्यास मध्ये तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरे निरोधक आवरण, त्यावर धातूची जाळी व सर्वांत बाहेर काळे वेष्टण दिसते. आतली तार संदेश वाहते आणि जाळी त्याचे बाहेरील उपद्रवापासून रक्षण करते. या केबलचा विद्युत्-गुणधर्म ७५ ओहम ठरलेला असतो, चपट्या तारेचा ३०० ओहम. म्हणूनच दोन्ही थेट जोडल्यास चित्र बिघडते. जुन्या संचांच्या पाठीमागे लावावा लागणारा छोटा रूपांतरक हा फरक सांधण्यासाठीच असे.

साध्या केबलवरून पन्नास-साठ वाहिन्या एकाच वेळी वाहत असत. प्रत्येक वाहिनीची कंपनसंख्या निराळी. त्यांतून हवी ती निवडण्याचे काम घरातील संच करी. म्हणूनच तारेला फाटा फोडून ती चार खोल्यांत नेली, तरी चार माणसे चार निरनिराळ्या वाहिन्या पाहू शकत आणि केबलवाल्यास त्याची वार्ताही नसे.

चेन्नईचा निराळा मार्ग

चेन्नईत मात्र १ सप्टेंबर २००३ पासून या व्यवस्थेत मोठा बदल झाला होता. सशुल्क वाहिन्या सांकेतिक स्वरूपात पाठवावयाच्या आणि ज्याच्या घरी सेट टॉप बॉक्स आहे त्यानेच त्या उलगडून पाहावयाच्या, अशी 'कॅस' नावाची पद्धत चार महानगरांसाठी ठरली होती. दिल्ली, मुंबई व कोलकाता येथे ती पुढे ढकलली गेली आणि तेथील काही भागांत ती ३१ डिसेंबर २००६ रोजी आली. चेन्नईत मात्र ती प्रथमपासून टिकली. निःशुल्क वाहिन्यांचा किमान तीस वाहिन्यांचा संच बॉक्सविना मिळे. त्यासाठी करांव्यतिरिक्त दरमहा ७२ रुपये हा दर आरंभी शासनाने ठरवून दिला होता. सशुल्क वाहिनी हवी असल्यास मात्र बॉक्स अनिवार्य.

पुण्याहून आलेल्या आम्हांला याचा अर्थ उमगण्यास काही दिवस लागले. तारेतून सारे काही येत होते, परंतु त्यातील अर्ध्याला कुलूप होते आणि किल्ली एकच, बैठकीतल्या संचाखाली ठेवलेली.

पहिला प्रयत्न : फाटा

पहिल्या रविवारी मी बैठकीत केबलला फाटा फोडून आतल्या खोलीची जुनी तार जोडली. आईच्या संचावर चित्र उमटले, पण जणू दाट धुक्यातून पाहिल्यासारखे. वरच्या क्रमांकाच्या वाहिन्यांवर तर नुसत्या मुंग्याच.

चेन्नईतील विजेच्या उपकरणांची मोठी बाजारपेठ म्हणजे माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची धाकटी बहीणच म्हणावी. तेथील एका दुकानातील तरुण तंत्रज्ञाने मोडक्या हिंदीत व भरपूर हातवाऱ्यांनी मला जे समजावले, ते पुढे अनेकांच्या उपयोगी पडले.

एक म्हणजे फाटा फुकट मिळत नाही. दोन वाटांच्या स्प्लिटरमधून जाताना संदेशाची शक्ती निम्म्याहूनही थोडी कमी उरते. तंत्रज्ञांच्या भाषेत साडेतीन ते चार डेसिबलची घट होते. चार वाटांचा स्प्लिटर असेल तर प्रत्येक वाटेला जेमतेम पंचमांश शक्ती येते. म्हणून दोन खोल्या असतील तर दोनच वाटांचा स्प्लिटर घ्यावा. 'पुढेमागे लागेल' म्हणून मोठा घेऊ नये.

दुसरे असे की मोकळे सोडलेले तोंड घातक असते. आमच्या घरी पूर्वीच्या भाडेकरूने तीन वाटांचा स्प्लिटर लावून एक तोंड तसेच उघडे ठेवले होते. त्या तोंडाशी पोहोचलेला संदेश परत फिरतो आणि पडद्यावर मूळ आकृतीशेजारी तिची फिकट सावली उमटते. अशा तोंडावर ७५ ओहमचे छोटे टोपण बसवले की हा दोष जातो.

तिसरी गोष्ट सांध्यांची. आमच्या जुन्या तारेला मध्येच पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा होता. तो उघडला तेव्हा आतील तांबे हिरवे पडलेले दिसले. चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत असा सांधा फार काळ टिकत नाही. तारा पिळण्याऐवजी आट्याची पिन व तिचा जोडतुकडा वापरावा.

चौथी गोष्ट बूस्टरची. चित्र अंधूक झाले की आपण बूस्टरकडे धावतो. परंतु बूस्टर चित्राबरोबर त्यातील खरखरही वाढवतो. लावावयाचाच झाल्यास तो स्प्लिटरच्या आधी, जेथे संदेश स्वच्छ आहे तेथे लावावा. शेवटच्या खोलीत, चित्र बिघडल्यावर लावण्यात अर्थ नाही.

आम्ही जुना सांधा कापून टाकला, दोन वाटांचा स्प्लिटर बसवला, पिना नव्या केल्या. बूस्टरची गरजच पडली नाही. आईच्या खोलीत लख्ख चित्र आले. पोदिगै (दूरदर्शनची ही तमिळ वाहिनी २०२४ पासून 'डीडी तमिळ' झाली), बातम्या, भक्तिगीते, सारे काही होते. नव्हती ती फक्त मराठी. आमच्या केबलवाल्याच्या निःशुल्क यादीत सह्याद्री वाहिनी नव्हतीच. आईने दोन दिवस कर्नाटक संगीत ऐकले, त्याचे कौतुकही केले, आणि तिसऱ्या दिवशी संच बंद ठेवला.

दुसरा प्रयत्न : एक बॉक्स, दोन संच

बैठकीतल्या बॉक्सवर दरमहा पैसे भरून एक मराठी वाहिनी मिळत होती. तेव्हा बॉक्समधून निघणारे चित्रच आत पाठवावे, असा विचार केला. यासाठी 'मॉड्युलेटर' नावाची छोटी डबी मिळते. बॉक्सचे चित्र व ध्वनी घेऊन ती त्यांची पुन्हा एक वाहिनी बनवते, आणि ती वाहिनी त्याच गोल केबलवरून आत जाते. आतल्या संचावर तो क्रमांक लावला की काम झाले.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. असे चित्र ज्या तारेवर सोडावयाचे, ती केबलवाल्याच्या तारेपासून पूर्णपणे विलग केलेली असावी. अन्यथा आपल्या घरचे चित्र उलट दिशेने बाहेर जाते आणि शेजाऱ्यांच्या पडद्यावर गोंधळ माजवते. आम्ही स्प्लिटर काढला, आतली तार मोकळी केली आणि मगच डबी जोडली.

तांत्रिकदृष्ट्या हा प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. घरातील शांततेच्या दृष्टीने मात्र साफ फसला. बॉक्स एका वेळी एकच वाहिनी उलगडतो. त्यामुळे जे बैठकीत, तेच आत. आई कीर्तन ऐकत असता मुलाने बैठकीत क्रिकेटचा सामना लावला की आतल्या खोलीतही अभंगाच्या मध्यावर चेंडू सीमापार जाई. रिमोटचे किरण भिंत ओलांडत नाहीत, त्यामुळे आईच्या हाती काहीच नव्हते. काही लावून हवे असल्यास हाक मारावी लागे, आणि कोणास हाक मारून त्रास देणे तिच्या स्वभावात नव्हते. आठवडाभरात ती म्हणाली, "राहू दे रे, मुलांना बघू देत."

त्या वाक्याने आमची चूक आम्हांस उमगली. आम्ही तिच्या खोलीत चित्र पोहोचवले होते, निवड पोहोचवली नव्हती.

तिसरा प्रयत्न : गच्चीवरून

१६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने 'डीडी डायरेक्ट प्लस' ही थेट उपग्रहावरून घरी येणारी सेवा सुरू केली होती. (तिलाच पुढे 'डीडी फ्री डिश' हे नाव मिळाले.) छोटी तबकडी व बॉक्स एकदाच विकत घ्यावयाचा, मासिक वर्गणी नाही, आणि त्या वाहिन्यांत सह्याद्री होती. प्रश्न होता तो गच्चीवरील तबकडीपासून आतल्या खोलीपर्यंत तार नेण्याचा, तीही भिंतीस धक्का न लावता.

गच्चीवरून उतरलेली जुनी चपटी तार या कामी निरुपयोगी होती. तबकडीकडून येणारा संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ इतक्या उच्च कंपनसंख्येचा असतो. शिवाय त्याच तारेतून बॉक्स उलट दिशेने तबकडीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करतो आणि त्यावरून संदेशाची बाजू निवडली जाते. याच कारणाने तबकडीच्या तारेवर साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवता येत नाहीत; दोन्ही बॉक्स आपापली आज्ञा देऊ लागतात. दोन बॉक्स हवे असल्यास दोन तोंडांचा ग्राहक-भाग तबकडीवर बसवावा लागतो.

चपटी तार निरुपयोगी असली, तरी ती ज्या नळीतून उतरली होती ती नळी उपयोगी होती. रिची स्ट्रीटच्या त्या तंत्रज्ञाने जुन्या तारेच्या गच्चीकडील टोकास नवी गोल केबल घट्ट बांधली आणि मला खाली बैठकीत उभे करून जुनी तार हळूहळू ओढावयास सांगितले. जुनी बाहेर आली ती नवीला घेऊनच. बैठकीत नव्या केबलचे टोक व आतल्या खोलीच्या तारेचे टोक जोडतुकड्याने एकमेकांस जोडले. आतली तार जुन्या, बारीक जातीची होती. अशा तारेत उच्च कंपनसंख्येची घट अधिक होते. पण अंतर जेमतेम आठ मीटर, म्हणून निभावले. बॉक्स आईच्या उशाशी ठेवला आणि रिमोट तिच्या हातात दिला. तो जुलैचा तिसरा रविवार होता. घरमालक वर येऊन भिंती पाहून गेले, समाधानाने हसले, आणि आईच्या खोलीत दहा मिनिटे बसून एक शब्द न कळता मराठी बातम्या ऐकून गेले.

विजेच्या तारांचे काय?

आज वाचक विचारतील की, घरभर विजेच्या तारा आहेतच, त्यांवरून चित्र नेता येत नाही का? येते. पॉवरलाइन अडॅप्टर नावाची जोडी मिळते. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये व दुसरी दूरच्या खोलीत लावली की विजेच्या तारांवरून इंटरनेटचा संदेश जातो. परंतु चेन्नईतील कित्येक घरांप्रमाणे आपल्या घरी तीन फेजचा पुरवठा असेल आणि दोन खोल्या निरनिराळ्या फेजवर असतील, तर जोडणी क्षीण होते किंवा होतच नाही. ही जोडी भिंतीतील प्लगमध्ये थेट लावावी. व्होल्टेजच्या चढउतारापासून रक्षण करणाऱ्या पट्टीत लावल्यास ती पट्टी हा संदेशही गिळून टाकते.

गोल केबलवरूनही इंटरनेट नेणारी 'मोका' नावाची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. आपल्याकडे तिची साधने क्वचितच मिळतात. शिवाय ती ज्या कंपनसंख्या वापरते, त्या तबकडीच्या संदेशाच्या पट्ट्यातच येतात. म्हणून तबकडीच्या तारेवर ती लावू नये.

दोन नियम मात्र प्रत्येकाने पाळावेत. विजेची तार व चित्राची केबल एकाच नळीतून कदापि नेऊ नये. तसेच गच्चीवरील तबकडीच्या खांबास भूमीजोडणी असावी आणि गडगडाट सुरू होण्यापूर्वीच संचाची पिन व प्लग दोन्ही काढून ठेवावेत. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत याचा विसर पडू देऊ नये.

आजची स्थिती

त्यानंतर काळ बदलला. २०१२ पासून महानगरांत साऱ्याच केबल वाहिन्या अंकीय स्वरूपात देण्याचे धोरण आले. चेन्नईत न्यायालयीन वादामुळे त्यास विलंब झाला, पण अखेर बॉक्सविना केबल ही गोष्ट इतिहासजमा झाली. म्हणजे २००३ साली चेन्नईने जे अनुभवले, ते पुढे साऱ्या देशाच्या वाट्यास आले : जितके संच स्वतंत्रपणे पाहावयाचे, तितके बॉक्स.

१ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून तेवढेच पैसे भरण्याची पद्धत सुरू झाली. २०२० साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घरातील दुसऱ्या व पुढील संचांचे जोडणी-शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरवले. २०२४ साली मूळ जोडणी-शुल्कावरील कमाल मर्यादा उठवण्यात आली. म्हणून दुसरी जोडणी घेण्यापूर्वी तिचे मासिक शुल्क व त्यात मिळणाऱ्या वाहिन्या पुरवठादाराकडून लेखी मागून घ्याव्यात, आणि वर्षाचा हिशेब मांडून मगच निर्णय करावा. दोन्ही खोल्यांत एकच कार्यक्रम पाहावयाचा असेल, तर दुसऱ्या बॉक्सचा खर्च करण्याचे कारण नाही. निवड वेगळी हवी असेल, तर मात्र तो खर्च टाळण्याच्या खटपटीत आमच्यासारखा महिना घालवू नये.

शेवटी

आईच्या खोलीत सह्याद्री सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर आभाळ कोसळले. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझी धाकटी बहीण बदलापुरास राहत असे. तिचा दूरध्वनी लागेना. बैठकीतील संचावर राष्ट्रीय वाहिन्या मुंबईची भयंकर दृश्ये दाखवीत होत्या, परंतु बदलापूर हे नाव त्यांत क्वचितच येई.

आई दोन दिवस रिमोट हातात घेऊन बसून होती. मराठी बातम्यांत कल्याण, बदलापूर, उल्हास नदी ही नावे येत होती आणि ती आम्हांस आतून हाक मारून सांगत होती : कोठे पाणी ओसरले, कोठली गाडी सुरू झाली, कोठे अजून वीज नाही. महिनाभर आम्ही तिला बातम्या पुरवीत होतो. आता घराला बातम्या ती पुरवीत होती. तिसऱ्या दिवशी बहिणीचा दूरध्वनी आला. सारे सुखरूप होते. आईने एवढेच विचारले, "तुमच्याकडे गाड्या सुरू झाल्या ना? मी पाहिलं काल."

चेन्नईचे आमचे वास्तव्य तीन वर्षांनी संपले. घर सोडताना तबकडी काढली. जाताना घरमालकांनी विनंती केली, म्हणून नळीतील ती नवी केबल मात्र तशीच ठेवली. पुढच्या भाडेकरूस ती कामी आली असेल.